पाटावरचं पाचवं फूल

१

"माह्याच ओट्यावर बसून माह्याच घरच्यायले चोर म्हन्तं का बे तू?"

उकंडरावनं कप असा आपटला का बशीतला चहा त्याच्याच धोतरावर सांडला.

"मी चोर नाई म्हनलो काका," संघर्ष म्हणे. "मी म्हनलो, पासपोर्टाले पाय नसतात."

"मंग एकच झालं ना ते."

संघर्षचं डोकं तापलं. ते तसंही लवकरच तापे. अकरावीत असताना मास्तरसंगं वाजलं, तर त्याच दिवशी दप्तर उचललं आणि पुन्हा शाळेच्या रस्त्यानं गेला नाही. आता अठरा पुरे झाले होते. धाडच्या बसस्टँडसमोर एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक छत्री मांडून तो लोकायचे ऑनलाइन फॉर्म भरे. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोलीस भरती, जे येईन ते. शिकला कमी, पण डोळा मोठा बेकार तेज. आधार कार्डावर जन्मतारखेचा एक आकडा इकडचा तिकडे असला तर कागद हातात घ्यायच्या आधीच सांगे.

आज टेबल बंद होतं. दसरा होता. घरचे सगळे पहाटेच नागपूरले, दीक्षाभूमीवर गेलते. संघर्षचीही पिशवी भरून तयार होती. पण सकाळी सातले रेहेमाचा फोन आला आणि तो मागंच राह्यला.

रेहेमा ओट्याच्या खांबाले टेकून उभी होती. टांझानियाची पोरगी. बुलडाण्याच्या रस्त्यावरच्या फार्मसी कॉलेजात चौथ्या वर्षाले होती आणि तीन वर्षांपासून उकंडरावच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहे. मराठी शिकली ती उकंडरावच्या बायकोच्या, कौशल्याबाईच्या चुलीपाशी बसून. म्हणून तिच्या तोंडून "काऊन" आणि "हाव" ऐकलं का बसमधला नवा माणूस मान वळवून पाहे.

तिचा शिक्षणाचा व्हिसा परवा संपत होता. घरी न जाता तो अठीच वाढवून घ्यायचा होता. अर्ज संघर्षनंच भरलता. परदेशी माणसाचा त्याच्या हातचा पहिला फॉर्म, म्हणून चार-चारदा तपासून भरलता. वरून निरोप आला का उद्या अकरा वाजता बुलडाण्याले एसपी ऑफिसात या, अस्सल पासपोर्ट सोबत आना. आणि आज सकाळी रेहेमानं पेटीतली निळी फाईल उघडली तर कॉलेजचं बोनाफाईड होतं, भाड्याचा करार होता, फोटो होते. पासपोर्ट तेवढा नव्हता.

"पोलिसात जा मंग," उकंडराव म्हणे.

"पोलिसात गेलं तर हरवल्याचा कागद भेटते काका. उद्या तो कागद चालत नाई. आनं व्हिसा संपला का तिले देश सोडा लागते."

रेहेमाच्या गावचा एक पोरगा दोन वर्षांमागं असाच, महिनाभरात नवा व्हिसा काढून येतो म्हणून घरी गेलता. त्याची पुस्तकं अजून मित्राच्या खोलीत धूळ खात होती. तिची शेवटची परीक्षा आठ महिन्यांवर होती. आठ महिने अठी टिकली तर फार्मासिस्ट, नाहीतर काहीच नाही. हे तिनं सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची ताकद राह्यली नव्हती.

तिनं नुसता हात पुढं केला आणि मूठ उघडली. मुठीत झेंडूची एक पाकळी होती.

"पेटीत भेटली," ती म्हणे. "फायलीच्या खाली. काल सकाळी सातले मी कॉलेजले निघाली तवा पासपोर्ट फायलीत होता. आनं मी पेटीत फुलं ठेवत नाई."

संघर्षनं पाकळी पाह्यली. अजून पुरती सुकली नव्हती. म्हणजे कालचीच. काल खंडेनवमी होती, घरोघरी झेंडू होता. खोलीचं कुलूप तर साबूत होतं. दुसरी किल्ली उकंडरावच्या स्वयंपाकघरात खिळ्याले टांगलेली राहे, आणि काल या घरात बाहेरचं कोणीच आलं नव्हतं.

उकंडरावनंही पाकळी पाह्यली. मग तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"विचार मंग. कोनाले काय विचारतं ते विचार. पन आधी मले विचार."

२

उकंडरावले विचारण्यासारखं पुष्कळ होतं. तीनच दिवसांमागं त्यानं अंगणात उभं राहून रेहेमाले सांगितलं होतं का दिवाळीपर्यंत खोली खाली कर, शेखरचं लग्न जमवा लागते. शेखर म्हणजे त्याचा पोरगा. दुसरं भांडण तुरीचं. टांझानियाची तूर बोटीनं येते आणि आमचा भाव पाडते, हे तो रेहेमाले दर हंगामात ऐकवे. रेहेमाचा बापही तूरच पिकवे. माह्या बापालेही भाव भेटत नाई काका, असं ती म्हणे आणि मग दोघंही मिळून व्यापाऱ्याले शिव्या देत.

काल कुठी होते, असं विचारलं तर उकंडरावनं सांगितलं का सकाळी सहापासून मिरचीच्या वावरात होतो, सोबत तोडणीच्या आठ बाया होत्या, आरतीपुरता साडेबाराले घरी आलो. बायांची नावं घडाघडा सांगितली. मग कपाळावर हात मारला.

"काऊन या घराले नजर लागली कोनास ठाऊक. बायको कालपासून डोकं धरून निजून राह्यली. सनाचा दिवस, आनं पुरन पोरीले वाटा लागते. सकाळी शेजारच्या विमलबाईकडून वाटीभर तुरीची डाळ उसनी आनली. तुरीवाल्याच्या घरात तुरीची डाळ उसनी. लोक हासतीन का नाई?"

संघर्षनं मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्याले डाळीत काही रस नव्हता.

रुपाली उकंडरावची पोरगी. रेहेमाच्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाले. ती पुरणाचे हात पुसत बाहेर आली. डोळे लाल होते. रेहेमा वर्गात पहिली आणि आपण दोन विषयांत लटकलो, हे ती स्वतःच सांगून मोकळी झाली, म्हणजे संघर्षले विचारायचं कारण राह्यलं नाही.

"पन हिच्याच भरवशावर ते दोन विषय सुटतीन," ती म्हणे. "ही गेली तर मी कोनासंगं वाचू?"

पासपोर्ट कुठी असते ते कोणाकोणाले माहीत होतं, असं त्यानं विचारलं. रुपाली म्हणे, सगळ्यायले. परवा सांजच्याले जेवताना गोष्ट निघाली होती का कोणाचं काम कशावर चालते. बाबाचं विळ्यावर, दादाचं गाडीवर. रेहेमा उठली, पेटीतून पासपोर्ट घेऊन आली आणि म्हणे, माह्यं सगळं याच्यावर चालते. मग तो सगळ्यायच्या हातून फिरला. आईनं तर दोन्ही बाजूंनी उलटून पाह्यला.

एवढं सांगून रुपाली घुटमळली. अंगणात तिचा भाऊ गाडी पुसून राह्यला होता. तिनं तिकडं पाह्यलं आणि आवाज खाली केला.

"कोनाले सांगजो नको. शेखरदादाच्या मोबाईलमधी तिच्या पासपोर्टाचे फोटो हायत. पानापानाचे. मी पाह्यले."

३

संघर्षले विचारायचं कसं ते माहीत नव्हतं, भांडायचं कसं ते माहीत होतं. तो सरळ अंगणात गेला आणि शेखरच्या हातातला फडका हिसकून घेतला.

"मोबाईल दाखव."

"काऊन बे? तू काय फौजदार झाला का?"

शेखर त्याच्याहून सात वर्षांनी मोठा आणि वीतभर उंच. भाजीपाल्याची पिकअप चालवे. गाडीले काल घातलेला झेंडूचा हार अजून तसाच होता. दोघायनं एकमेकायच्या कॉलरा धरल्या. हार तुटला, फुलं चाकाखाली गेली. मग ओट्यावरून रेहेमा बोलली, फक्त एवढंच, "शेखरभाऊ, दाखवून द्या ना."

शेखरनं हात सोडला. मोबाईल उघडला. फोटो होते. पानापानाचे.

"बाबाले सांगू नको," तो म्हणे. त्याचा आवाज एकदम लहान झालता. "मले दुबईले ड्रायव्हर म्हनून जायचं हाय. मी बी पासपोर्टाचा अर्ज केला, चिखलीच्या पोराकडून. तुह्याकडून केला असता तर पुऱ्या धाडले कळलं असतं. पासपोर्ट कसा असते, शिक्के कुठी मारतात, ते पाहाले फोटो काढले. परवाच, जेवताना."

"आनं काल?"

काल तो पहाटे पाचले मिरची घेऊन जालन्याले गेलता. येताना कॉलेजच्या फाट्यावर रुपाली उभी होती, तिले गाडीत घेतलं. दोघं सोबतच घरात शिरले तेव्हा बाप पाय धुऊन राह्यला होता. लगेच आरती झाली. नंतर जेवणं झाली. माय आत निजली, आणि तीन वाजता रेहेमा येईपर्यंत बाकी तिघं ओट्यावरच बसून होते. जालन्याच्या बाजारातली पावती गाडीच्या काचेले अजून चिकटलेली होती. पावणेअकराची.

संघर्षनं हिशेब जुळवला. उकंडराव वावरात. शेखर जालन्याले. रुपाली रेहेमासंगंच सातले कॉलेजले गेलेली. रेहेमा प्रॅक्टिकलले.

सकाळी सातपासून साडेबारापर्यंत या घरात एकच माणूस होतं. काल दुपारपासून डोकं धरून निजलेलं.

कौशल्याबाई.

४

रेहेमाचं तोंड उतरलं. तिनंही तोच हिशेब केलता.

गेल्या पावसाळ्यात तिले टायफॉईड झाला तेव्हा कौशल्याबाई आठ दिवस तिच्या खोलीत निजली होती. तिच्या डोक्यावर तेल थापणारी, तिच्या आईसंगं व्हिडिओ कॉलवर अर्धा-अर्धा तास बोलणारी. दोघींले एकमेकींचा एक शब्द कळत नसे, तरी दोघी बोलत. अशी बाई पासपोर्ट काऊन घेईन?

"आता जाऊन विचारतो," संघर्ष उठला.

रेहेमानं त्याची बाही धरली.

"काय विचारशीन? काकू, तुमी चोर हाय का? तू हे त्यांले म्हनला तर मी उद्या ऑफिसात जातच नाई. गेला व्हिसा तर गेला."

"आनं परीक्षा?"

"पुरावा आन. चोरीचा नको आनू. काय झालं त्याचा आन."

संघर्ष दात खाऊन खाली बसला. रेहेमाले तो ओळखे तवापासून ती त्याले असंच अडवे. तू दुसऱ्यायचे सतरा नंबरचे फॉर्म भरतं, शाळा सोडलेल्या पोरायले बारावीले बसवतं, स्वतःचा काऊन भरत नाई, असं ती दर आठवड्याले विचारे. तो म्हणे वेळ नाही. पण शाळा सोडल्याचा दाखला लॅपटॉपच्या बॅगेत दोन वर्षांपासून घेऊन फिरे. हे तिनं एकदा पाह्यलं होतं आणि तेव्हापासून तिचं तोंड बंद होत नव्हतं.

त्यानं मोबाईल काढला. या घरात ओट्याच्या पुढं तो कधी गेला नव्हता. देवघर कसं आहे, खिळा कुठी आहे, त्याले काही माहीत नव्हतं. पण रुपालीनं काल पूजेचा फोटो स्टेटसले ठेवलता. अजून गेला नव्हता.

पाट होता. पाटावर पांढरं कापड. त्याच्यावर ओळीनं विळा, पिकअपची जादाची किल्ली, फार्मसीचं जाडं पुस्तक आणि स्वयंपाकघरातला खलबत्ता. बाप, पोरगा, पोरगी आणि आई. ज्याचं काम ज्याच्यावर चालते ते. प्रत्येकापुढं झेंडूचं एक फूल.

त्यानं बोटायनं फोटो मोठा केला. मग पुन्हा लहान केला. पुन्हा मोठा केला.

"रेहेमा. घरात मानसं किती?"

"चार. मी धरून पाच."

"पाटावर वस्तू चार हायत. फुलं मोज."

तिनं मोजली. पाच होती. पाचवं फूल खलबत्त्याच्या बाजूले, समोर काहीच नसताना वाह्यलेलं.

"आता कापड पाय," तो म्हणे. "कुंकवाचं पानी सांडलं हाय. सगळं लालभडक झालं. फक्त पाचव्या फुलाच्या मागं एक तुकडा पांढरा हाय. कसा हाय? चारी कोपरे सरळ. तळहाताएवढा. पानी सांडलं तवा तठी काईतरी ठेवलेलं होतं, म्हनून कापड कोरडं राह्यलं. आनं फोटो काढाच्या आधी ते उचललं."

पासपोर्टाचं माप त्याले डोळे मिटून माहीत होतं. त्यानं तो अकरा वेळा स्कॅन केलता.

रेहेमा फोटोकडे पाहतच राह्यली.

"चोर फूल वाहत नाई," संघर्ष म्हणे. "परवा तूच सांगितलं ना, तुह्यं सगळं याच्यावर चालते म्हनून? काकूनं ते ध्यानात ठेवलं. सगळ्यायची हत्यारं मांडली, तुह्यं बी मांडलं."

"मंग वापस काऊन नाई ठेवलं? मी सकाळपासून रडून राह्यली, त्या ऐकून राह्यल्या."

हेच कोडं होतं. पानी सांडलं, पासपोर्ट भिजला, लाल झाला, बाई घाबरली, इथवर ठीक. भिजलेली वस्तू लपवायची तर माणूस कुठी लपवते? नुसती लपवायची नाही, सुकवायचीही. उन्हात ठेवता येत नाही, सगळे पाहतीन. चुलीपाशी ठेवली तर करपून जाईन.

अंगणात शेखर तुटलेला हार गोळा करत होता. संघर्षनं त्याले हाक मारली.

"शेखरभाऊ, मागं तुमचा मोबाईल हौदात पडलता. कसा सुकवला?"

"तांदळाच्या डब्यात ठेवलता दोन दिवस. मायनंच ठेवला. काऊन?"

तांदूळ रोज निघतात, रोज कोणाचा तरी हात डब्यात जाते. तांदळात नाही ठेवणार. दुसरं काय असते घरात, कोरडं, डबा भरून, झाकण घट्ट?

संघर्षच्या कानात उकंडरावचा सकाळचा आवाज पुन्हा वाजला. तुरीवाल्याच्या घरात तुरीची डाळ उसनी.

तो उठला. या खेपेले रेहेमानं बाही धरली नाही.

५

तो दारापाशी उभा राह्यला. ओरडायचं नाही, असं त्यानं स्वतःले तीनदा सांगितलं. मग आतल्या अंधाराकडे पाहून म्हणे,

"काकू, मी आज अठीच जेवतो. पन वरन घरच्या डाळीचं करा. उसनीचं नको."

उकंडराव ओट्यावरून पाहून राह्यला. रुपालीचा वरवंटा थांबला. मग खाट करकरली आणि कौशल्याबाईचा आवाज आला, घोगरा.

"आत ये. तिलेही आन."

संघर्षनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

स्वयंपाकघर लहान होतं. फळीवर पितळी डबे ओळीनं. कौशल्याबाईनं पदर खोचला, सगळ्यात मोठा डबा खाली उतरवला, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डाळ सळसळली. हात वर आला तेव्हा हातात पासपोर्ट होता. हिरवा होता, तो आता काठाकाठानं लाल होता. पानायच्या मधात डाळीचे दाणे अडकलेले.

तिनं तो रेहेमाच्या हातात दिला नाही. आपल्याच पदरानं पुसत राह्यली.

"सगळ्यायचं मांडलं," ती म्हणे. "विळा मांडला, किल्ली मांडली. पाहतो तं तुह्यं काईच नाई. घरातल्या एकाचं ठेवलं नाई तं बरं दिसते का वं? म्हनून पूजेची फुलं पदरात तशीच घेऊन खोली उघडली. यांले सांगितलं असतं तं हासले असते. म्हनलं पूजा करतो, फूल वाहतो, आरतीच्या आधी गुपचूप ठेवून देतो. आनं तांब्या कलंडला."

ती थांबली. पदर तोंडाशी नेला.

"पूजलेली वस्तू दसऱ्याआधी उचलू नाई. मी उचलली. म्हनलं, आता हिचं काम माह्यापायी अडनार. सुकला का ठेवून देईन म्हनलं. सकाळी तू रडाले लागली तं माही जीभच उचलेना माय."

दारात उकंडराव, शेखर, रुपाली, सगळे जमलते.

रेहेमानं हात पुढं केला आणि पासपोर्ट हळूच घेतला. एकेक पान फुंकलं. दाणे जमिनीवर पडले, टप टप. मधली तीन कोरी पानं लाल होऊन वाकडी झालती. व्हिसाच्या पानाले एका कोपऱ्यातून कुंकू लागलं होतं. फोटोच्या पानावर प्लास्टिक होतं, ते वाचलं होतं. काठाले पिवळं एक बोट उमटलेलं, हळदीचं. संघर्षनं तिच्याकडून घेऊन फोटोखालच्या नाव-नंबराच्या दोन ओळी मोबाईलनं वाचून पाह्यल्या. अर्जाच्या स्कॅनसंगं एकेक अक्षर जुळलं.

"नंबर साफ हाय," तो म्हणे. "नाव साफ हाय. बाकी उद्या पाहू."

रेहेमा खाली बसली, कौशल्याबाईच्या बाजूले, डाळीच्या डब्याले टेकून. हासत होती का रडत होती ते संघर्षले कळलं नाही, आणि त्यानं पाह्यलंही नाही. तिनं हातात एक दाणा घेतला.

"काकू, ही डाळ आपल्या वावरातली का आमच्या देशातली?"

"आपल्या वावरातली," कौशल्याबाई नाक ओढत म्हणे. "तुमची काऊन आनू? यांनी घरात नसती घेऊ दिली."

उकंडरावनं घसा साफ केला. सकाळपासून त्याले कोणावर तरी ओरडायचं होतं, पण आता माणूस सापडेना.

"म्हंजे माह्या घरात चोर नव्हता," तो शेवटी म्हणे.

"नाई काका."

"मी सकाळपासून तेच सांगून राह्यलो." मग रेहेमाकडे न पाहताच पुढं बोलला, "आनं खोलीचं पाहू. शेखरचं लग्न काई उद्या नाई." तो वळला. "रुपाली, पोट्ट्याले ताट वाढ. आतच वाढ."

६

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते तिघं बुलडाण्याले एसपी ऑफिसात बसले होते. तिघं, कारण कौशल्याबाई ऐकेचना. रात्रभर एकच पालुपद, का साहेबाले मी सांगीन. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती आलती.

साहेब म्हणजे मॅडम निघाल्या. पुष्पांजली मॅडम, परदेशी लोकायच्या टेबलावरच्या. चष्मा, कमी बोलणाऱ्या. त्यायनं बोनाफाईड पाह्यलं, करार पाह्यला आणि पासपोर्ट उघडला. हात थांबला.

"हे काय आहे?"

कौशल्याबाई उभी राह्यली. सगळं सांगितलं, पाटापासून डाळीपर्यंत. काय शिक्षा असन ते मले करा, हेही सांगितलं. मॅडमनं पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई, हे दुसऱ्या देशाचं सरकारी कागदपत्र आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "व्हिसाच्या पानावर डाग आहे. कोणी काही खोडलं, बदललं असं उद्या वर कोणी म्हटलं, तर मी काय उत्तर देऊ?"

रेहेमानं डोळे मिटले. संघर्षच्या तोंडात शब्द आलते, असे का ते बोलला असता तर तिघायलेही बाहेर काढलं असतं. त्यानं मॅडमकडे पाहायचं सोडलं आणि टेबलाकडे पाह्यलं. रागात असला का तो वस्तू मोजे, हा त्याचा शाळेपासूनचा इलाज होता.

कॉम्प्युटर. प्रिंटर. स्टेपलर. शिक्का.

त्यानं पुन्हा पाह्यलं.

"मॅडम," तो म्हणे, आणि आवाज त्याच्याच कानाले नवा वाटला, इतका शांत. "कुंकू तुमच्या शिक्क्यालेही हाय."

मॅडमनं खाली पाह्यलं. शिक्क्याच्या लाकडी मुठीवर हळदीकुंकवाची दोन बोटं होती. प्रिंटरवर सुकलेला झेंडू होता. कॉम्प्युटरच्या कपाळावर टिळा. मागच्या भिंतीशी बंदुकांचं कपाट, त्याच्या कड्याले आंब्याचा डहाळा. काल सुट्टी होती, परवा नवमी. कोणी पुसलं नव्हतं.

मागं बसलेला हवालदार खोकला आणि फायलीत तोंड घालून बसला.

संघर्षनं मोबाईल पुढं सरकवला. पाट, चार वस्तू, पाच फुलं, कोरा चौकोन. मॅडमनं फोटो मोठा करून पाह्यला. मग पासपोर्टाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, अर्जासोबत चढवलेली जुनी प्रत उघडली, एकेक अक्षर आणि एकेक शिक्का ताडून पाह्यला. पाच मिनिटं लागली. कौशल्याबाई पूर्ण पाच मिनिटं उभीच होती.

"जुळतंय," त्या म्हणाल्या. "दिल्लीच्या तुमच्या वकिलातीकडून पासपोर्ट बदलून घ्या, सवडीनं. डागाबद्दल मी शेरा लिहिते, बाईंची सही घेते. मुदतवाढीचा कागद मेलवर येईल. तोवर ही पावती जपून ठेवा." त्यायनं शिक्का उचलला आणि पावतीवर उमटवला. निळा उमटला, काठाले थोडा लाल. त्या त्याच्याकडे क्षणभर पाहत राह्यल्या. "आणि बाई, पुढच्या वर्षी हिचं पुस्तक ठेवा पूजेत."

"पुढच्या वर्षी ती नसन ना मॅडम," कौशल्याबाई म्हणे. "ती पास होऊन जाईन." आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा हे तिच्या ध्यानात आल्यासारखं, गप झाली. रेहेमानं तिचा हात धरला.

मॅडम सही घेता घेता संघर्षकडे वळल्या. "हा फोटो कोणी हुडकला? तू? कितवी झाली?"

"अकरावी," तो म्हणे. "सोडली."

"सतरा नंबरची आज शेवटची तारीख हाय मॅडम," रेहेमा मधातच बोलली. "पुऱ्या धाडचे फॉर्म यानं भरले. स्वतःचा नाई भरला."

"मूळ दाखला आहे?"

संघर्षचा हात आपोआप बॅगेकडे गेला. कागद तठीच होता, दोन घड्या घातलेला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाह्यलं. बारा वाजून दहा मिनिटं. धाडची सेंटरची शाळा दोन वाजता फॉर्म घेणं बंद करते, हे त्याले पाठ होतं, गेल्या आठवड्यातच त्यानं चौघायले सांगितलं होतं. फॉर्म भरायचा, प्रिंट काढायची, फोटो चिकटवायचा. आणि जीप भरल्याशिवाय हालत नाही.

कौशल्याबाई म्हणे, अरे थांब, बाहेर चहा घेऊ, तोंड गोड करू, सोनं बी वाटाचं राह्यलं.

"काकू, सोनं सांजच्याले देजा. घरात येऊन घेतो," तो म्हणे. बॅग खांद्यावर होती, एक पाय दाराबाहेर. "मले आता निघा लागते."